इंदूर शब्दकार्ड-संग्रह : ‘बेटर’ची कार्डं कुठवर आली

इंग्रजी ‘बेटर’ (better) या शब्दाचा गठ्ठा आता अर्थवार लागला आहे. पद्धत नेहमीचीच: पाच बाय तीन इंचांच्या एका कार्डावर एकच अर्थ, पुढे एक इंग्रजी आणि एक मराठी वाक्य, मागे लोक हमखास करतात ते चुकीचं वाक्य. नुसतं ‘अधिक चांगला’ लिहिलेलं कार्ड बाद.

साध्या तुलनेच्या कार्डावर फार रेंगाळू नका. मागच्या बाजूला ‘मोअर बेटर’ आणि ‘व्हेरी बेटर’ दोन्ही हवेत. तुलना शब्दाच्या पोटातच आहे, म्हणून ‘मोअर’ जादा. जोर द्यायचा तर ‘मच’, ‘फार’ (इंग्रजी far) किंवा ‘अ लॉट’. (सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीत दुहेरी तुलना चालायची. आज परीक्षक खपवून घेणार नाही.) शिवाय ‘बेटर’ म्हटल्याने वस्तू चांगली ठरत नाही. दोन नासक्या आंब्यांतला कमी नासका तोही ‘बेटर’च, म्हणजे आपला ‘त्यातल्या त्यात बरा’.

तब्येतीचं कार्ड फोडून दोन केली आहेत. ‘शी इज बेटर’ म्हणजे ताप उतरतोय असंही, आणि ती ठणठणीत झाली असंही. मराठीत ‘तिला बरं वाटतंय’ आणि ‘ती बरी झाली’ यांत क्रियापदच निवाडा करतं. इंग्रजीत आधीचा शब्द बघायचा: ‘मच’ किंवा ‘अ बिट’ असेल तर सुधारणा, ‘कम्प्लीटली’ असेल तर पूर्ण बरी. ‘कम्प्लीटली टॉलर’ कोणी म्हणत नाही. म्हणजे या दुसऱ्या अर्थात तुलना उरलेलीच नाही.

सगळ्यात जास्त खाडाखोड ‘हॅड बेटर’वर झाली, आणि त्याला इंदूरचं पाणी कारण आहे. इथे कानावर दिवसभर ‘बेहतर होगा’ पडतं, आणि कार्डावर तेच उतरतं. पण ‘बेहतर होगा’ अदबीची सूचना आहे. ‘यू हॅड बेटर’मध्ये ‘नाहीतर बघ’ दडलेलं असतं. साहेबांना किंवा वडीलधाऱ्यांना ते म्हणू नये, तिथे ‘इट वुड बी बेटर टू’ ठीक. मराठीत ‘हॅड बेटर’ला दोन जोड्या सापडतात. सल्ला असेल तर ‘आता निघालेलं बरं’. दटावणी असेल तर ‘वेळेवर आलास तर बरं!’ गंमत म्हणजे ‘निघालेलं’ हेही रूप भूतकाळी आणि ‘हॅड’ही, पण दोन्हीकडे गोष्ट पुढचीच. मराठी वाक्य लिहिताना लिंग-वचन सांभाळा: छत्री घेतलेली बरी, पैसे मोजून घेतलेले बरे.

मागच्या बाजूला तीन चुका: ‘हॅड बेटर टू गो’ (‘टू’ नको), ‘हॅव बेटर गो’, आणि नकारासाठी ‘हॅडन्ट बेटर गो’, सरळ विधानात ‘हॅड बेटर नॉट गो’च. बोलताना ‘हॅड’ गिळलं जातं आणि ‘यू बेटर गो’ एवढंच ऐकू येतं, त्यामुळे ऐकून वाक्यं टिपणाऱ्यांनी कार्डावर ‘हॅड’ भरून घ्यावं.

किरकोळ कार्डं: ‘द बेटर पार्ट ऑफ ॲन अवर’ म्हणजे तासाचा बराचसा भाग, छान भाग नव्हे. ‘थिंक बेटर ऑफ इट’ म्हणजे विचार बदलून बेत सोडणं; शेवटी ‘हिम’ आलं तर मात्र त्या माणसाबद्दल मत सुधारणं. क्रियापद म्हणून ‘टू बेटर अ रेकॉर्ड’ म्हणजे विक्रम मागे टाकणं.

व्युत्पत्तीच्या कार्डावर ‘बेटर’ आणि ‘बेहतर’ यांची सोयरीक जुळवण्याचा मोह सर्वांना होतो. ती नाही. ‘बेहतर’ फारसी: ‘बेह’ला ‘तर’ जोडलेला, आणि हा ‘तर’ आपल्या ‘लघुतर’मधल्या ‘तर’चा भाऊबंद. ‘बेटर’मधला ‘ट’ प्रत्ययाचा नाहीच, मूळ शब्दाचा आहे. प्रत्यय फक्त ‘अर’. इंग्रजीच्या नात्यातल्या जुन्या गॉथिक भाषेत हाच शब्द ‘बतिझा’ होता, इंग्रजीकडे मात्र ‘झ’चा ‘र’ झाला. तो प्रत्यय संस्कृत ‘श्रेयस्’, ‘लघीयस्’ यांतल्या ‘ईयस्’शी नातं सांगतो, तसा ‘बेस्ट’मधला ‘स्ट’ हा ‘श्रेष्ठ’, ‘कनिष्ठ’ यांतल्या ‘इष्ठ’शी. ध्वनी जुळला म्हणून ‘बरा’लाही इथे ओढू नका, तो संस्कृत ‘वर’ (उत्तम) या शब्दावरून आला.

बाकी आहेत ‘बेटर ऑफ’ आणि ‘गेट द बेटर ऑफ’. पैज लावणारा ‘बेटर’ हा वेगळाच शब्द, त्याचं कार्ड ‘बेट’च्या गठ्ठ्यात टाका.