अगाफे : माराकेशजवळच्या दगडी माळावर एक दुपार

मॉरोक्कोतल्या माराकेशला येणाऱ्या बहुतेकांना सहारा बघायचा असतो. आम्हालाही बघायचा होता. पण वाळूच्या त्या उंच टेकड्या बघायच्या तर मेरझूगाला जावं लागतं, आणि ते माराकेशहून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. मध्ये ॲटलासची रांग, तिझी न टिश्काचा २,२६० मीटरवरचा घाट आणि एका बाजूलाच नऊ-दहा तासांचा प्रवास. आमच्या हातात चारच दिवस होते. आईच्या गुडघ्यांना इतकं बसणं झेपलंही नसतं. म्हणून अगाफे ठरलं. शहरापासून तीसेक किलोमीटर. दुपारी दोनला निघायचं, आधी क्वाड बाईक, मग चहा, मग उंट, आणि सूर्यास्त बघून रात्री परत.

नोव्हेंबर २०२५ चा दुसरा आठवडा होता. ऊन होतं, पण चटका नव्हता. शहराची लालसर घरं मागे पडली, ऑलिव्हच्या बागा आल्या, त्याही संपल्या, आणि मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फक्त उघड्या, फिक्या टेकड्या. गाडी थांबली तसा धाकटा भाऊ खाली उतरला आणि चहूकडे बघून म्हणाला, "ताई, वाळू कुठंय?"

वाळू नव्हतीच. अगाफे हे दगडगोट्यांचं आणि फुफाट्याचं रान आहे. जाहिरातीत त्याला वाळवंट म्हणतात, पण खरं तर तो निमकोरडा प्रदेश आहे. पाऊस बरा झाला तर वसंतात इथल्या उतारांवर हिरवळ येते. आम्ही गेलो तेव्हा मात्र हिरवं म्हणून काही नव्हतं. एकामागे एक भुऱ्या लाटा, आणि दक्षिणेला ॲटलासची निळसर भिंत, जिच्या माथ्यावर पहिलं बर्फ पडून गेलेलं. त्याच रांगेत तुबकाल आहे, ४,१६७ मीटर, उत्तर आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर.

भाऊ जरा हिरमुसला. आई पदर सावरत खाली उतरली, चपलेनं एक गोटा बाजूला केला, खालची माती बघितली आणि म्हणाली, "हा तर माळ आहे."

मी तेव्हा नुसती हसले. पण त्या दुपारी जे काही नीट दिसलं, ते त्या एका वाक्यामुळे दिसलं.

क्वाड बाईकबद्दल सविस्तर सांगते, कारण जाण्याआधी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. चार चाकं आहेत म्हणून ती मोटारीसारखी चालत नाही, आणि हॅण्डल आहे म्हणून मोटरसायकलसारखीही नाही. मूठ पिळायची नसते. उजव्या अंगठ्याखाली एक छोटी पट्टी असते, ती दाबली की गाडी पळते. गिअर बदलायची भानगड नाही. टायर रुंद, फुगीर आणि कमी हवेचे असतात, त्यामुळे गोट्यांवरून जाताना ते दबतात आणि धक्का पुष्कळसा खाऊन टाकतात. आम्हाला शिकवणारा मुलगा विशीतला असेल. फ्रेंच, अरबी आणि हातवारे यांच्या मिश्रणातून त्यानं तीन गोष्टी आमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतल्या. वळताना अंग वळणाच्या आतल्या बाजूला टाकायचं. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे. आणि पाय खाली टेकवायचा नाही, काही झालं तरी नाही.

ही तिसरी गोष्ट स्कूटर चालवणाऱ्या माणसाला सगळ्यात अवघड जाते. आपल्याला तोल गेला की पाय टेकायची इतक्या वर्षांची सवय. क्वाडवर तोच पाय मागच्या चाकाखाली सापडतो. मैदानातल्या सरावातच माझा डावा पाय दोनदा आपोआप खाली गेला, आणि दोन्ही वेळा त्या मुलानं हात वर करून मला थांबवलं. रागावला नाही, पण पुढेही जाऊ दिलं नाही. तिसरी फेरी नीट झाल्यावरच हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला, मला डोक्याला गुंडाळायला दिलेला कापडाचा फेटा नाकावर घेतला आणि रांगेत उभं केलं. पुढे तो, मागे त्याचा सोबती, मध्ये आम्ही सहा जण. इतकी काळजी घेणारा माणूस भेटणं यातच निम्मी सहल जमून गेली, असं मला वाटतं. आमच्या शेजारून दुसऱ्या कुणाचा तरी एक गट हेल्मेटशिवाय निघून गेला, त्यात दहा-बारा वर्षांचा मुलगा स्वतः हॅण्डल धरून बसला होता. ते बघून पोटात गोळा आला.

आईनं क्वाडला आधीच नाही म्हटलं होतं. ड्रायव्हर तिला गाडीनं थेट चहाच्या जागी घेऊन गेला.

पहिली दहा मिनिटं मी फक्त पुढच्याचं चाक बघत होते. मग अंगठ्याला अंदाज आला. एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात उतरलो, पलीकडच्या काठावर चढलो, आणि माथ्यावर येताच सगळं रान एकदम समोर उलगडलं. आनंदानं मी ओरडले, हेल्मेटच्या आत माझा मलाच आवाज ऐकू आला. अंतर मात्र राखावं लागतं. पुढच्या गाडीचा फुफाटा थेट तोंडावर येतो, आणि धुळीत तिचा ब्रेक लागलेला दिसत नाही.

आमची वाट चाकांनी रुळलेली होती. दोन्ही बाजूंना मोकळं रान पसरलेलं, आणि आपण मात्र त्याच एका वाटेनं रांगेत. भावाला राहवलं नाही. एका उतारावर तो वाट सोडून उजवीकडे वळला, दहा-पंधरा मीटर गेला असेल. पुढचा मुलगा ताबडतोब थांबला, मागे आला आणि जमिनीकडे बोट दाखवून काहीतरी बोलला. आम्हाला एकच शब्द कळला, "ऑर्ज". फ्रेंचमध्ये सातू. तरीही अर्थ लागला नाही. सातू कुठे होतं तिथे? दगडच तर होते.

अर्थ चहाच्या जागी लागला. मातीच्या भिंतींचं घर, पुढे छपरी, छपरीत गालिचा. आई भिंतीला टेकून बसली होती, हातात छोटा काचेचा पेला. मॉरोक्कोचा पुदिन्याचा चहा म्हणजे चीनहून येणारी गोळीदार हिरवी चहापत्ती, मूठभर पुदिना आणि भरपूर साखर. किटली हातभर उंच धरून ओततात, त्यामुळे वर फेस येतो. सोबत मस्मन, म्हणजे घड्या घातलेली चौकोनी पोळी, आणि अम्लू, म्हणजे भाजलेले बदाम, आरगन तेल आणि मध एकत्र वाटून केलेलं घट्ट वाटण. आईनं अम्लू बोटावर घेऊन चाखलं, डोळे मिटले आणि दुसऱ्या पोळीला हात घातला.

"ते बघितलंस का?" तिनं समोरच्या टेकडीकडे हनुवटी केली. "नांगरलंय ते."

मी डोळे बारीक करून बघितलं. खरंच. उतारावर आडव्या, हलक्या रेघा होत्या. आम्ही तासभर तशाच उतारांमधून हिंडत होतो आणि एकदाही लक्षात आलं नव्हतं. आईचं माहेर दुष्काळी पट्ट्यातलं. पावसाच्या भरवशावरची जिरायत ती लहानपणापासून बघत आलेली. गोटे असलेल्या रानात पीक घेतात यात तिला काहीच नवल नव्हतं. ड्रायव्हरला थोडं इंग्रजी येत होतं. त्याला विचारलं, तर त्यानं सांगितलं की पहिला पाऊस पडला की इथे सातू पेरतात. पाऊस आला तर दाणा, नाही आला तर निदान मेंढ्यांना काड. गेली कित्येक वर्षं तेही धड नाही. दुष्काळानं मेंढ्या इतक्या घटल्या की २०२५ च्या ईद-उल-अझहाला कुर्बानी करू नका, असं आवाहन राजे मोहम्मद सहावे यांनीच केलं होतं. आधीच्या गणनेपासून नऊ वर्षांत जनावरं ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचं सरकारनं तेव्हा सांगितलं. ड्रायव्हर हे सांगताना चहाचा पेला नुसता फिरवत राहिला.

भाऊ गप्प झाला होता. मग उठून त्या क्वाडवाल्या मुलाकडे गेला, जमिनीकडे बोट केलं, "ऑर्ज" म्हणाला आणि छातीवर हात ठेवला. मुलानंही छातीवर हात ठेवला. इकडे तीच पद्धत आहे.

आता उंटाचं.

पहिल्या ठिकाणी सात-आठ उंट एका रांगेत बसवलेले होते. आई पुढे झाली आणि उंटांच्या तोंडाकडे न बघता पाठीकडे बघायला लागली. तिसऱ्या उंटाजवळ थांबली. खोगिराच्या कडेखाली, मदारीच्या म्हणजे कुबडाच्या बाजूला, केस गेलेला तळहाताएवढा पट्टा होता. त्याच्या मध्यभागी ओली खपली आणि तीवर माश्या. उंट रवंथ करत शांत बसलेला. "खांदा सोलवटलेल्या बैलाला आमचे अण्णा जू लावू द्यायचे नाहीत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी याच्यावर बसणार नाही. तुम्हीही नाही."

तिथला माणूस दुसरा उंट देऊ लागला. पण आईचं म्हणणं होतं की जखम झालेलं जनावर रांगेत उभं करणाऱ्याकडे दुसऱ्यावरही बसायचं नाही. मला वाटलं, संपली सहल. ड्रायव्हरनं आमच्याकडे बघितलं, त्या उंटाच्या पाठीकडे बघितलं, फोनवर कुणाशी तरी बोलला आणि आम्हाला गाडीत बसवलं. वीस मिनिटांवर एका उतारापाशी दुसरा एकजण चार उंट घेऊन थांबला होता. आईची तपासणी पुन्हा सुरू झाली. त्या माणसाला काय चाललंय ते लगेच कळलं. त्यानं स्वतःच खोगिराखालची गोधडी उचलून दाखवली. पाठ स्वच्छ होती. नाकात वेसण नव्हती, जबड्याभोवती साधी म्होरकी होती.

उंट उठतो तेव्हा काय होतं, हे बसल्याशिवाय कळत नाही. आधी तो पुढच्या गुडघ्यांवर येतो, आपण किंचित मागे जातो. मग मागचे पाय सरळ करतो आणि आपण थेट त्याच्या मानेवर पडणार असं वाटतं. मग पुढचे पाय, आणि एकदम सगळं सपाट, जमिनीपासून खूप वर. मधल्या हिसक्याच्या वेळी अंग मागे रेलायचं आणि पुढची लोखंडी मूठ घट्ट धरायची. बसतानाही तसंच, कारण तेव्हा तो आधी पुढचे गुडघे दुमडतो. आई न घाबरता बसली. उंट उठल्यावर मात्र तिनं एकदाच "आई गं" केलं.

चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलतो, त्यामुळे आपण पुढे-मागे न होता डावी-उजवीकडे हेलकावे खातो. कंबर ताठ धरली तर दुखते, सैल सोडली तर बरं वाटतं. खाली बघितलं तर त्याचा पाय दिसत होता. दोन बोटांचा, खाली मऊ रुंद गादी. टेकला की पसरतो, उचलला की आवरतो. गोट्यांवर पडतानाही आवाज नाही. गुडघ्यांवर आणि छातीखाली कातडीला जाड घट्टे पडलेले, तापलेल्या जमिनीवर बसता यावं म्हणून. माझ्या पुढच्या उंटानं मान वळवली तेव्हा पापण्यांच्या केसांच्या दोन रांगा अगदी जवळून दिसल्या, आणि त्यांत अडकलेली धूळ. आमचीच असेल, क्वाडची.

मदारीत पाणी असतं असं आपण शाळेपासून ऐकतो. ती चरबी असते. पाण्याची काटकसर उंट वेगळ्या तऱ्हेनं करतो. दिवसा अंगाचं तापमान चाळिशीपर्यंत चढू देतो, घाम गाळत नाही, आणि रात्रीच्या गारव्यात ते खाली आणतो. आणि पाणी मिळालं की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पिऊ शकतो.

उंटावरून माळ वेगळाच दिसला. क्वाडवर नजर वाटेवर खिळलेली असते. इथे करायला काही नव्हतं. नांगराच्या रेघा आता मलाही दिसायला लागल्या, एक, दोन, मग जिकडे बघावं तिकडे. कुठे बांधासारखी रचलेली दगडांची ओळ. कुठे चाकांच्या खुणा नांगरटीतून आरपार गेलेल्या, कुणीतरी वाट सोडल्याच्या. लांब एक मेंढपाळ आणि वीस-पंचवीस मेंढ्या. बर्फ आधी पिवळं, मग गुलाबी झालं, आणि सूर्य गेल्यावर दोन मिनिटांत थंडी वाजायला लागली.

परत आल्यावर उंट बसले, आम्ही उतरलो. आईला उतरवायला दोघं लागले. त्या माणसाला आम्ही बक्षीस दिलं, तरी आई जाईना. त्याचं दिवसभराचं काम संपलं होतं. त्यानं तिच्या उंटाचं खोगीर सोडलं, गोधड्या एकेक करून काढल्या. खाली केस दबून ओलसर झाले होते, मदारीभोवती खोगिराचा गोल वळ उमटला होता. आईनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली. मग तिनं दोन्ही तळवे त्या वळावर ठेवले आणि बैलाची पाठ चोळतात तशी खालून वर, केसांच्या उलट्या दिशेनं, जोर लावून चोळायला लागली. उंटानं मान लांब करून जमिनीवर टेकवली आणि डोळे अर्धे मिटले. तो माणूस पलीकडच्या बाजूनं तसंच चोळायला बसला. दोघांची भाषा एक नव्हती आणि कुणी काही बोललंही नाही.

ड्रायव्हरनं गाडीचे दिवे लावले होते. आम्ही थांबलो.