एरिनीज, १५३ हिट पॉइंट्स आणि वाया गेलेले दोन रविवार

नौपाड्यातील आमच्या घरी रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा, म्हणजे प्रत्येकाने एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घ्यायच्या खेळाचा, डाव रंगतो आणि कथा चालवणारा सूत्रधार मी असतो. ज्या सरायवाल्याने आश्रय दिला, त्याचाच एका मित्राच्या पात्राने झोपेत गळा चिरला आणि 'माझं पात्र असंच आहे' असे सांगून तो मोकळा झाला. पहारेकरी पाठवले असते तर तेही मेले असते, म्हणून मी ग्रीक पुराणांतील सूडदेवता, अर्थात एरिनीज, बोलावल्या.

चूक इथेच झाली. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकात एरिनीज हे नाव पंख असलेल्या नरकातल्या सैतानाला दिलेले आहे आणि आळसापोटी मी तिचेच आकडे उचलले, त्यात हिट पॉइंट्सही, म्हणजे जे संपले की पात्र मरते ते गुण. मित्राने मोबाइलवर पाहून जाहीर केले, "एकशे त्रेपन्न हिट पॉइंट्स? म्हणजे मरते की!" एक रविवार लढाईत गेला, दुसरा ती उडत असताना तलवार पोचते का या वादात, अखेर ती मेली आणि शिक्षा द्यायला आलेल्या देवतेला मारल्याबद्दल या गृहस्थाने माझ्याकडे एक्सपी (शत्रूला हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण) मागितले! त्या मागणीचा राग अजून गेलेला नाही.

मग मी मूळ कथांकडे वळलो. युरेनसच्या सांडलेल्या रक्तातून या देवता जन्मल्या असे प्राचीन ग्रीक कवी हेसिअड सांगतो. ग्रीक नाटककार एस्किलसच्या इसवी सन पूर्व ४५८ च्या नाटकात त्या मातृहत्या करणाऱ्या ओरेस्टीसच्या मागे लागतात, पण नवऱ्याला मारणाऱ्या त्याच्या आईला त्यांनी सोडले होते, कारण ते रक्ताचे नाते नव्हते. म्हणजे वाटेल त्या गुन्ह्यासाठी त्या येत नाहीत. मात्र होमरच्या 'इलियड' महाकाव्यात खोटी शपथ घेणाऱ्यालाही त्या शासन करतात. सुदैवाने 'तुझ्या छपराखाली शस्त्र उपसणार नाही' ही त्या पात्राने सरायवाल्याला दिलेली शपथ माझ्या वहीत होती. पात्रांच्या शपथा लिहून ठेवाव्यात.

मेली ती केवळ सैतान होती, असे मी जाहीर केले. अलेक्टो, मेगाइरा आणि टिसिफोनी या खऱ्या एरिनीजना मी हिट पॉइंट्स दिलेच नाहीत. त्या फक्त झोपेत येत आणि त्या पात्राला विश्रांतीचा लाभ, म्हणजे झोपेने भरून येणारी शक्ती, मिळत नसे. (खेळाडूशी चहावर आधी बोलून घ्यावे, हे खरे तर सुरुवातीलाच सांगायला हवे होते.) दोन डावांत तो शरण आला. नाटकात ओरेस्टीसचा खटला चालवणाऱ्या अथेन्सच्या अरिओपॅगस न्यायसभेप्रमाणे इतर चार पात्रांनी न्यायनिवाडा केला, मते समसमान पडली आणि ओरेस्टीससारखाच तोही सुटला. एक्सपी मात्र मी दिलेले नाहीत.