कोंबड्याची उधारी

अथेन्समध्ये भर दुपारी अ‍ॅक्रोपोलिसची टेकडी चढायची नसते, हे तिथल्या मांजरांना कळतं, पर्यटकांना कळत नाही. मी मांजरांच्या पक्षातली. त्यामुळे मोठ्या कॅथेड्रलजवळच्या अपोलोनोस रस्त्यावरून सावली धरून चालले होते. हा रस्ता म्हणजे देवाधर्माच्या सामानाची ओळ. धूप, टांगायचे दिवे, पाद्रीबाबांचे झगे, सोनेरी मुलाम्याच्या तसबिरी. आणि एका दुकानाच्या काचेत ओळीने टांगलेले पत्र्याचे डोळे.

डोळे जोडीनेच. शेजारी एक पाय, एक हात, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. पत्त्याच्या पानाएवढे पातळ पत्रे, मागून ठोकून उठाव दिलेला, वर टांगायला भोक. हे काय, असं कुणाला विचारायची वेळच आली नाही. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, बांद्र्याला मोत माउलीसमोर मेणाचे हातपाय ठेवतात, तेच हे. त्याला तिकडे तामा म्हणतात, आणि तो चर्चमध्ये मेरीच्या किंवा एखाद्या संताच्या तसबिरीसमोर टांगतात.

अथेन्सला जाऊन लोकशाही आठवावी, संगमरवर आठवावा. मला आजी आठवली.

आजी नवस बोलायची ती कायम दुसऱ्याच्या नावावर. बाबांची बदली रद्द झाली तर 'माझा लेक मांढरदेवीचा डोंगर अनवाणी चढेल', हे बाबांना कळलं बदली रद्द झाल्यावर. कबूल केलेल्या प्रत्येक नवसाचा एक रुपया हळदीच्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात मागच्या बाजूला जायचा. पाचसहा पुरचुंड्या तरी तिथे कायम असत. कुठली कुणाची, हे फक्त तिला ठाऊक.

धाकटा भाऊ तान्हा असताना न्यूमोनियाने बेजार झाला, तेव्हा तिने कुलदैवताला त्याच्या भारोभार गूळ बोलला. तो बरा झाला. मग कधी शेतीची गडबड, कधी कुणाचं सुतक, कधी 'पुढच्या यात्रेला बघू', असं करत तुला झाली तेव्हा स्वारी आठवीत होती. आणि खात्यापित्या घरची. देवळातल्या तराजूच्या एका पारड्यात हाफपँट घातलेला, कानापर्यंत लाल झालेला भाऊ मांडी घालून बसलाय, दुसऱ्यात ढेपांवर ढेपा चढतायत आणि पारडं काही हलत नाही. आजोबांनी त्याला चपला काढायला लावल्या. मग घड्याळ. मग पट्टा. काका म्हणाले, "अरे, एकदा मागे जाऊन तरी ये." आजी मात्र एका शब्दाने बोलली नाही. शेवटची ढेप तिने स्वतः उचलून ठेवली आणि काट्याकडे बघत म्हणाली, "व्याज धरलंय त्याने. धरणारच."

त्याने म्हणजे देवाने.

हे व्याजाचं प्रकरण ग्रीकांनाही चांगलं ठाऊक होतं. एपिडॉरसला अस्क्लेपिअसचं मोठं ठाणं होतं. हा त्यांचा वैद्यदेव. आजारी माणसाने त्याच्या आवारात रात्री झोपायचं, देव स्वप्नात येऊन उपचार करणार. कोण कसं बरं झालं याच्या हकिगती इ.स.पू. चौथ्या शतकात तिथे शिळांवर कोरून ठेवल्या, त्या आजही वाचता येतात. थासोसचा हर्मोन नावाचा आंधळा. देवाने त्याला दृष्टी दिली. पठ्ठ्याने ठरलेली दक्षिणा आणून दिली नाही. देवाने परत आंधळा केला! मग आला मुकाट्याने, पुन्हा झोपला आणि पुन्हा बरा झाला. अथेन्सची अँब्रोसिया एका डोळ्याने आंधळी. ती आवारात हिंडत या पाट्यांना हसत होती, नुसत्या स्वप्नाने कुठे लंगडे-आंधळे बरे होतात का म्हणून. रात्री देव आला, म्हणाला, करतो बरी, पण तुझ्या अडाणीपणाची आठवण म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहायचं. असा देव आजीला फार आवडला असता.

हाच देव इ.स.पू. ४२०च्या सुमाराला अथेन्सला आला. अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, नाटकाच्या थिएटरला लागून त्याचं देऊळ झालं. तिथेही लोक अवयवांच्या प्रतिमा वाहत, आणि देवळाचे लोक त्यांच्या याद्या दगडावर कोरत. देव बदलला, पण रीत काही मोडली नाही. एव्रिपिदू ही तिथली मसाल्यांची गल्ली, ओरेगानोच्या जुड्या आणि मसाला चोपडलेलं सुकं मांस दारात लटकलेलं. त्या गल्लीत संत योहानाचं एक एवढंसं देऊळ आहे. एक प्राचीन खांब होता, तो पाडण्याऐवजी त्याच्याभोवतीच ते बांधलंय. खांबाचं डोकं छपरातून वर आलेलं दिसतं. ताप उतरावा म्हणून या खांबाला मेण लावलेला दोरा बांधायची जुनी रीत. मार्गदर्शक पुस्तकं अशा जागेला दोन ओळी देतात आणि अ‍ॅक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन देवळाला वीस पानं. चालायचंच. पार्थेनॉनला आता कुणी दोरा बांधत नाही.

आणि मग सॉक्रेटिस. इ.स.पू. ३९९, वय सत्तर, शहराचे देव न मानल्याचा आणि पोरं बिघडवल्याचा आरोप. विषाचा पेला घेतलाय, पाय बधिर झालेत, बधिरपणा ओटीपोटापर्यंत चढलाय. तोंडावर पांघरूण घेतलेलं, ते बाजूला करून तो जुना मित्र क्रिटोशी शेवटचं बोलतो. आत्म्याबद्दल नाही, सत्याबद्दल नाही. म्हणतो, क्रिटो, अस्क्लेपिअसला आपण एक कोंबडा देणं लागतो. तेवढा द्या, विसरू नका.

प्लेटोने हे लिहून ठेवलं आणि विद्वानांना कायमचं काम लावलं. जगणं हाच आजार आणि मरण हा त्यावरचा उतारा, म्हणून देवाचे आभार, असा एक अर्थ. दुसरेही बरेच आहेत. आजीने यातलं काही ऐकून घेतलं नसतं. तिने एवढंच विचारलं असतं, "मग दिला का त्याने?" क्रिटो 'देतो' म्हणाला, इतकंच प्लेटो सांगतो. पुढचं नाही.

आजी गेल्यावर देव्हाऱ्यातल्या पुरचुंड्या निघाल्या. कुठली कुठल्या देवाची, कुणालाच सांगता येईना. बाबांनी पुरचुंड्या सोडून सगळे रुपये गावच्या गणपतीच्या पेटीत टाकले आणि हात जोडून म्हणाले, "बघा बाबा, आपापसात वाटून घ्या."

रुपयांचं झालं. मांढरदेवीचा डोंगर तेवढा राहिलाय. बाबांचे गुडघे आता गेलेत. माझे अजून बरे आहेत.