ओपन द लाइट

“वन मिनिट, आय ओपन द लाइट.”

चीनमधल्या छंग्दू शहरातली माझी विद्यार्थिनी इंग्रजीच्या ऑनलाइन तासाला एवढं म्हणून उठली आणि तिची खोली उजळली. मी सवयीने दुरुस्ती केली: “टर्न ऑन.”

तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली. ‘ओपन’पुढे एकच चिनी अक्षर लिहिलेलं. उच्चार साधारण ‘खाय’. (मराठी कानाला भलतंच ऐकू येतं, ते सोडा.) दार उघडायचं, दिवा लावायचा, गाडी चालवायची, मीटिंग घ्यायची, फूल उमलायचं, पाण्याला उकळी यायची, सगळीकडे हेच ‘खाय’. थट्टा करायलासुद्धा!

“मग इंग्रजीत दाराला एक आणि दिव्याला दुसरं, असं कशाला?” तिने विचारलं. प्रश्न उर्मट नव्हता, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. ‘तसंच म्हणतात’ हे उत्तर शिक्षकाला शोभत नाही, पण बरेचदा तेवढंच खरं असतं.

दिवसभर ते डोक्यात राहिलं. आपण दिवा लावला की तो सुरू होतो आणि दार लावलं की ते बंद होतं. शिवाय झाड लावतो, कुंकू लावतो, पैज लावतो, रांगेत नंबर लावतो. आपल्याला यात काही खटकतच नाही. तिच्यासारखी कुणी मराठी शिकायला बसली तर?

रात्री तिचा मेसेज आला. ‘टर्न डाउन’चे दोन अर्थ सापडलेत: आवाज कमी करणं आणि नकार देणं. विचारतेय, कुणी लग्नाची मागणी ‘टर्न डाउन’ केली, तर ती नाकारली की फक्त हळू आवाजात ऐकली?