तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी नवी, तरी सारखी सर्व्हिस सेंटरला का?

‘गाडी नवी ना तुमची? मग दर महिन्याला सर्व्हिस सेंटरला का उभी दिसते?’ स्टाफरूममध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, परवा एका लग्नात पंगतीला बसल्यावरसुद्धा हे मला विचारलं गेलं. विचारणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न तयारच असतो: फसलात का? आम्ही घ्यावी की नाही? मी दर वेळी घाईत दोन वाक्यं बोलते आणि नंतर वाटत राहतं की सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून एकदा सगळं सविस्तर सांगते.

मी साताऱ्यात राहते आणि कराडच्या कॉलेजात शिकवते. जाऊन-येऊन रोजचे शंभराहून जास्त किलोमीटर होतात. इतकं पळणं असल्यामुळे इलेक्ट्रिक गाडी घेतली. घरच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवून घेतला. एका युनिटला सहा-साडेसहा किलोमीटर पडतात आणि खर्चाचा तो हिशोब पहिल्या महिन्यापासून बरोबर निघाला. चालवायला गाडी उत्तम आहे. मात्र मॉडेल बाजारात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते, तेव्हा आम्ही ती घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुठल्याही नव्या गाडीच्या बाबतीत घडू शकतं.

दिवाळीत तीन दिवस गावी गेलो होतो, दिराच्या गाडीतून. परत आल्यावर सकाळी सव्वासातला कॉलेजला जायला खाली आले, रिमोट दाबला, तर काहीच नाही. ना आवाज, ना दिवा. रिमोटच्या पोटात एक साधी किल्ली असते, ती काढून दार उघडलं. आत सगळं काळोखं. मोबाइलवरच्या ॲपमध्ये मात्र शेवटची नोंद दिसत होती: बॅटरी ७८ टक्के. बॅटरी एवढी भरलेली, आणि गाडी साधा दिवा लावायला तयार नाही.

त्या दिवशी मला कळलं की गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, सीटखालच्या फरशीत बसवलेली, जिच्यावर गाडी पळते. दुसरी बॉनेटखाली, १२ व्होल्टची, कुठल्याही साध्या गाडीत असते तशी. दारांची लॉकं, स्क्रीन, गाडीतले सगळे कंट्रोलर, म्हणजे एकेक काम सांभाळणारे छोटे कॉम्प्युटर, या छोट्या बॅटरीवर चालतात. मोठ्या बॅटरीची लाइन गाडी बंद असताना तोडलेली असते, आणि ती जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, ओढायला करंट लागतो तो याच छोट्या बॅटरीचा. विहीर तुडुंब भरलेली असावी आणि मोटरचा स्टार्टरच ओढू नये, तसा प्रकार.

शेजारचे काका त्यांची डिझेल गाडी घेऊन आले, जंपर केबल लावल्या. बॉनेट उघडायचा खटका हाताने ओढायच्या तारेचा असतो, करंटशिवाय उघडतो, हे नशीब. लाल चिमटा प्लसला, काळा चिमटा बॉनेटखालच्या उघड्या लोखंडाला. पाच मिनिटांत स्क्रीन पेटली. एक सांगून ठेवते: आपल्या गाडीला असा करंट घेता येतो, पण बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांच्या पुस्तिकेत दुसऱ्या गाडीला असा करंट देऊ नका असं स्पष्ट छापलेलं असतं. पुस्तिकेचं ते पान मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं. ते गाडी घेतली त्या दिवशी वाचायला हवं होतं.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, ‘मॅडम, छोटी बॅटरी वीक आहे, वॉरंटीत बदलून देतो.’ दिली. बाराव्या दिवशी गाडी पुन्हा तशीच. शनिवार-रविवार उभी होती, सोमवारी बंद. आता नवी कोरी बॅटरी, तीही उतरलेली.

इथे माझी वही कामाला आली. गाडी घेतल्यापासून मी एक शंभर पानी वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, काय झालं, स्क्रीनवर कोणता संदेश आला, एवढंच लिहिते. ती वही घेऊन मी काउंटरवर बसले आणि पाहिलं, तर पहिल्यांदा गाडी बंद पडली त्याच्या सहा दिवस आधी गाडीने इंटरनेटवरून सॉफ्टवेअरचं अपडेट घेतलं होतं. त्याआधी उन्हाळ्यात हीच गाडी नऊ दिवस उभी होती आणि पहिल्या झटक्यात सुरू झाली होती. म्हणजे बॅटरी दोन्ही वेळा मेली, पण मारणारं दुसरंच काहीतरी होतं.

तिथला एक तरुण टेक्निशियन ही तारीख ऐकून थांबला. त्याने मल्टिमीटर लावून दाखवलं: ११.४ व्होल्ट. चांगली, निवांत बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. मग बॅटरी चार्ज करून त्याने गाडी लॉक केली, बॅटरीच्या वायरीभोवती करंट मोजणारा क्लँप मीटर अडकवला आणि आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो. तो म्हणाला, ‘आता वीसेक मिनिटांत गाडी झोपायला पाहिजे.’ त्यांचा शब्दच तो, गाडी झोपते. लॉक केल्यावर एकेक कंट्रोलर बंद होत जातो आणि करंट वीस-तीस मिलिॲम्पिअरवर येतो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मीटरवर ०.७ ॲम्पिअर, म्हणजे सातशे मिलिॲम्पिअर. तो आकडा हलेना. इंटरनेटशी बोलणारा जो डबा असतो, तो अपडेटनंतर झोपतच नव्हता.

घरी येऊन मी गणित केलं. बॅटरी ४० ॲम्पिअर-अवरची. ०.७ ने ओढली तर सत्तावन्न तासांत, म्हणजे अडीच दिवसांच्या आत रिकामी. तीस मिलिॲम्पिअरने ओढली असती तर दीड महिन्याहून जास्त टिकली असती. दिवाळीचे तीन दिवस आणि तो शनिवार-रविवार, दोन्हींचं उत्तर त्या एका आकड्यात होतं. तो आकडा पाहून मला बरं वाटलं. एवढे दिवस मी लाइट चालू ठेवला असेन, दार नीट लावलं नसेल, असं मला सुचवलं जात होतं. एकदा तर मी समोर बसलेली असताना सर्व्हिस ॲडव्हायझरने माझ्या नवऱ्याला फोन करून विचारलं होतं, ‘मॅडमना गाडी बंद करायची पद्धत माहीत आहे ना?’ ते मला फार लागलं होतं. गाडी माझ्या नावावर आहे, रोज मी चालवते, वही मी लिहिते.

दुरुस्ती पुन्हा अपडेटनेच झाली. या वेळी केबलने. स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीची तपासणी करायचं, सॉकेट असतं, त्यात लॅपटॉप जोडून. हा फरक माहीत असावा. स्क्रीन, नकाशे, ॲप यांची अपडेट बहुधा इंटरनेटवरून घरबसल्या येतात. बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, मोटरचा कंट्रोलर यांची बरीच अपडेट सर्व्हिस सेंटरलाच करतात. आणि घरबसल्या अपडेटला बसलेली गाडी तेवढा वेळ जागची हलत नाही. म्हणून परीक्षेच्या ड्यूटीच्या आदल्या रात्री किंवा प्रवासाच्या सकाळी ते बटण मी कधीच दाबत नाही. शनिवारी दुपारी, गाडी घरात, छोटी बॅटरी चांगली, मगच.

आता जे मला मनापासून टोचतं ते सांगते. त्या अपडेटबरोबर स्क्रीनवर काय लिहून आलं होतं? ‘कार्यक्षमतेत सुधारणा आणि किरकोळ दुरुस्त्या.’ बस. काय सुधारलं, काय दुरुस्त केलं, एक शब्द नाही.

आणि हे नेहमी बॅटरीपुरतं राहत नाही. गेल्या मे महिन्यात पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरत होतो, मागे सासू-सासरे. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलट काम करते, गाडीला आवरते आणि वीज बॅटरीत परत भरते. रीजन म्हणतात त्याला. घाटात मी ते सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवते, ब्रेक फारसा लागतच नाही. त्या दिवशी पहिल्याच वळणाला पाय उचलला आणि गाडी आवरलीच नाही, नुसती वाहत गेली. ब्रेक दाबला, ब्रेक उत्तम लागला, काही झालं नाही. पण छातीत धस्स झालं. गाडी बाजूला घेऊन पाहिलं, तर रीजन शून्यावर. आधी ही गाडी मी ठेवलेली पायरी लक्षात ठेवायची. दोनच दिवसांपूर्वी आलेल्या अपडेटनंतर दर वेळी सुरू करताना ती शून्यावर जाऊ लागली होती. हे कुठेही लिहून आलं नव्हतं.

तेव्हा न्यायाने हेही सांगायला हवं, की पायरी वर नेल्यावरही पहिले दोन-तीन किलोमीटर रीजन अगदी क्षीण होतं, आणि तो मात्र गाडीचा दोष नव्हता. रात्री हॉटेलवर १०० टक्के चार्ज करून निघालो होतो. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालायला जागाच नसते, मग मोटर आवरणार कशाने? डोंगरावर मुक्काम असेल तर ८०-८५ टक्क्यांवरच चार्जिंग थांबवा. दोष कुठला आणि स्वभाव कुठला, हे वेगळं काढता यायला मला वर्ष लागलं. तसंच बॅटरीच्या टक्क्यांचं. एकदा कॉलेजच्या वाटेवर, उंब्रज आणि अतीतच्या मध्ये, २२ टक्के एकदम १३ वर आले. आमची मोठी बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची. तिच्या सेलचा व्होल्टेज भरलेली असो की अर्धी, बराच वेळ ३.२-३.३ च्या आसपासच राहतो, त्यामुळे किती उरली हे गाडीला नेमकं ओळखता येत नाही. अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरली की गाडीचा हिशोब जुळतो. आमच्या पुस्तिकेत आठवड्यातून एकदा असं लिहिलं आहे. ते पाळल्यापासून अशी उडी आली नाही.

पण रीजनची पायरी गुपचूप बदलणं, हे मला मान्य नाही. अपडेटची ताकद काय असते याचं एक उदाहरण जगजाहीर आहे. मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्थेने टेस्लाच्या मॉडेल ३ ची चाचणी घेतली, तेव्हा ताशी ६० मैलांवरून थांबायला गाडीला १५२ फूट लागले. काही दिवसांत कंपनीने इंटरनेटवरून अपडेट पाठवलं आणि तेच अंतर १९ फुटांनी कमी झालं. कुणी पान्याला हात लावला नाही. उत्तमच झालं. पण जी गोष्ट घरात उभ्या गाडीचे ब्रेक सुधारू शकते, ती गाडीचं वागणं बदलूही शकते. माझ्या गाडीचं घाटातलं वागणं बदलणार असेल तर ते मला आधी, माझ्या भाषेत, चार ओळींत कळवायला हवं. मी कंपनीला तसं पत्र लिहिलं, ईमेलनेही आणि रजिस्टर पोस्टानेही. दोन महिन्यांनी रीजनची पायरी पुन्हा लक्षात राहू लागली. पत्राला उत्तर आलं नाही. दुसरं पत्र पाठवलं आहे.

तुम्हाला असं काही झालं तर जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटर तुमची तक्रार लिहून घेतं त्या कागदावर, नीट लक्ष ठेवा. ‘जनरल चेकअप’ असं लिहू देऊ नका. ‘गाडी दोन दिवस उभी राहिली की सुरू होत नाही’, हे तुमचं वाक्य तुमच्याच शब्दांत लिहायला लावा आणि मगच सही करा. परत घेताना ‘दोष आढळला नाही’ असं असेल तर तेही छापील घ्या. सॉफ्टवेअर व्हर्जनच्या पानाचा फोटो आधी आणि नंतर काढा. प्रकरण पुढे गेलंच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच करता येते. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, मला साताऱ्याबाहेर जायला नको. मुदत दोन वर्षांची असते, म्हणून तारखा लिहिलेल्या हव्यात. मोटार वाहन कायद्यातही आता कलम ११०-अ आहे. सदोष गाड्या परत बोलवायचा आदेश सरकार देऊ शकतं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. तिथवर जायची वेळ माझ्यावर आली नाही. तो टेक्निशियन भेटला म्हणून.

मग फसले का? नाही. घरी चार्जिंगची सोय असेल आणि रोजचं पळणं असेल तर इलेक्ट्रिक जरूर घ्या. मॉडेल येऊन वर्ष होऊ द्या, एवढं मात्र ऐका. आणि सर्व्हिस सेंटर गावात असेल तरच.

आमच्या विभागातल्या मॅडमची गाडी येत्या शनिवारी मिळते आहे, त्यांनीच काल पुन्हा विचारलं. त्यांना सांगितलंय, हार-नारळाच्या आधी चेसिस नंबरवरून गाडी कुठल्या महिन्यात बनली ते पाहू. चार-सहा महिने यार्डात उभी असेल तर छोटी बॅटरी आत्ताच तपासून घ्यायची. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, तेही बघायचं. अकराला शोरूमला या म्हटलं, मल्टिमीटर मी आणते.