कित्तूर, बैलहोंगल, नंदगड: याच क्रमानं जा

बेळगावात कुणालाही "जुना तुरुंग बघायचाय" म्हणा, बोट हिंडलग्याकडंच जातं. 1923 सालचं ते कारागृह. 1950 साली सावरकर तिथं स्थानबद्ध होते, सीमालढ्यात आमच्याकडच्या कित्येक घरांतली माणसं तिथं राहून आली. पण तो चालू तुरुंग आहे. आत जाता येत नाही, बाहेरून फोटोही काढू नका. जवळच्या हुतात्मा स्मारकाशी मात्र थांबा.

आम्हाला बघायची होती त्याच्याही शंभर वर्षं आधीची कैद, इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मांची. आत्याचं माहेर नंदगडच्या वाटेवरच्या बिडी गावचं. लहानपणी तिनं तंबूत 1961 चा कन्नड चित्रपट पाहिला होता, बी. सरोजादेवींचा. मी पाहिला तो 2012 चा, दर्शननं राणींचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा केलेला. दोघींच्या डोक्यात तुरुंग होता तो पडद्यावरचाच.

सकाळी सातला निघालो. महामार्गानं कित्तूर तासाभरावर आहे. किल्ल्यातला राजवाडा पडलेला असला तरी जोती आणि भिंती उभ्या आहेत, खोल्यांचा अंदाज येतो. ध्रुवतारा बघण्यासाठी भिंतीत ठेवलेलं भोक जरूर शोधा. 23 ऑक्टोबर 1824 ला इथंच कंपनीचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, किल्ला पडला आणि राणींना बैलहोंगलला नेलं. ऊन चढायच्या आत किल्ला फिरून घ्या आणि संग्रहालयाला निदान तासभर ठेवा. ऑक्टोबरात कित्तूर उत्सवाच्या दिवसांत गेलात तर गर्दीत निवांतपणे काही बघता येणार नाही.

बेळगावहून बैलहोंगल आधी करून कित्तूरवरून नंदगडला उतरलं की फेरी छान जुळते, डिझेलही वाचतं. तरी तसं करू नका. आधी राजवाडा, मग कैद. कित्तूरहून बैलहोंगलला गाडीनं पाऊण तासच लागतो. एवढ्याशा अंतरावर घर असूनही चन्नम्मांना शेवटपर्यंत परतता आलं नाही. फेब्रुवारी 1829 मध्ये त्या कैदेतच गेल्या. हे अंतर कुठल्याच चित्रपटातून मला कळलं नव्हतं, ते रस्त्यावर कळलं. साखळदंड आणि अंधारकोठडी बघायच्या आशेनं आलात तर निराश व्हाल. इथं दर्शन घ्यायचं ते समाधीचं, गावातल्या बागेत. आत्यानं चपला काढल्या, ओंजळभर शेवंती वाहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोटचं पोर गेलं, दत्तक घेतलेलं इंग्रजांनी मानलं नाही. बाईनं करायचं तरी काय होतं?"

जेवण बैलहोंगलातच उरका. जोंधळ्याची भाकरी, एण्णेगाई (भरली वांगी), शेंगाचटणी, वर दही. पुढं नंदगडपर्यंत चांगली खानावळ मिळेलच असं नाही.

परत कित्तूरवरून बिडीमार्गे नंदगड. या पट्ट्यात रायण्णानं सरकारी कचेऱ्या जाळल्या. फितुरीनं तो पकडला गेला आणि 26 जानेवारी 1831 ला नंदगडला वडाच्या झाडावर त्याला फाशी दिली. चित्रपटात फाशीच्या वेळी थिएटर हुंदके देत होतं. इथं समाधीवरच्या वडाला मूल व्हावं म्हणून बांधलेले छोटे पाळणे वाऱ्यावर हलतात. ते बघून मला जे वाटलं ते थिएटरात वाटलं नव्हतं.

एसटीनं जाणाऱ्यांसाठी: कित्तूर आणि बैलहोंगलला बेळगाव बसस्थानकातून गाड्या भरपूर आहेत. नंदगडला खानापूरवरून जावं लागतं, म्हणून तो टप्पा दुसऱ्या दिवशी ठेवा. पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात, कंडक्टरला विचारा. नंदगड-खानापूरला मराठीत बोललात तरी चालतं, बैलहोंगलात दोन शब्द कन्नड आले तर माणसं आपणहून रस्ता दाखवायला येतात. बायकांना मोफत प्रवास कर्नाटकातल्या रहिवाशांनाच, तेव्हा आधार कार्ड जवळ हवं. कोल्हापूरकडच्यांना तिकीट काढावं लागेल. पावसाळ्यात खानापूरकडं पाऊस फार, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. 26 जानेवारीला नंदगडला माणसांचा पूर असतो.

परतताना आत्यानं बिडीच्या फाट्यावर गाडी थांबवली. माहेरी आता कुणी नाही. पाच मिनिटं उतरून उभी राहिली, मग म्हणाली, "चल."