सात खाटांची दोरी आणि एक झिरा

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला पावसाळ्यात सगळेच जातात. आम्ही यंदा भर चैत्रात गेलो, आणि पुढच्या वेळीही मी चैत्रातच जाणार आहे.

चाळीसगावहून निघायला उशीर झाला. रात्री अभयारण्याच्या हद्दीबाहेर मित्राच्या शेतात तंबू ठोकला, भाकरी-ठेचा खाल्ला आणि आडवे झालो. गहू काढलेल्या रानातली ढेकळं रात्रभर पाठीला टोचत होती.

सकाळी वाटाड्या म्हणून गावातले एक आप्पा सोबत आले. देवीचं दर्शन घेऊन डोंगरी नदीच्या पात्रातून वर निघालो. पात्र म्हणजे नुसते काळे धोंडे, मध्ये मध्ये वाळू आणि सागाची पानगळ. त्या पानांवर पाय पडला की बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, मोडल्यासारखा आवाज येतो. पाणी उरलेलं असतं ते फक्त डोहांत. पुराच्या लोंढ्यात गोटे एका जागी गरगर फिरून कातळ कोरतात, त्याचे रांजणखळगे होतात. धार जिथे कोसळते तिथे डोह. हिरवंकाळं पाणी, जरासुद्धा न हलणारं.

पहिल्याच डोहाशी आप्पा थांबले. "सात खाटास्नी दोरी सोडी, तरी तय लागत नही." सात खाटांची दोरी सोडली तरी तळ लागत नाही.

मला भास्कराचार्य आठवले. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने याच पाटण्यात मठ काढला. शके ११२८ च्या शिलालेखात तसं कोरलेलं आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या ग्रंथात एक गणित आहे. कमळाची कळी पाण्याच्या वर वीतभर, वाऱ्याने कलून दोन हातांवर बुडाली, तर पाणी किती खोल? पावणेचार हात. दोरी सोडायची गरजच नाही! आप्पांनी ते नीट ऐकून घेतलं, वीत म्हणजे अर्धा हात धरायचा का, असं विचारलं, आणि मग दोन्ही हात पसरून पाण्यावर ते अंतर लावून पाहिलं.

केदारकुंडाकडच्या वाटेवर एका डोहाशी आधीच येऊन गेलेल्यांच्या पत्रावळ्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. फार संताप आला. जमेल तेवढं काठीने ओढून पिशवीत भरलं. त्यात तासभर गेला आणि आमचं पिण्याचं पाणी संपलं. माणशी दोन लिटर घेतलं होतं. चैत्रात खानदेशात ते पुरत नाही, हे माझं मला कळायला हवं होतं.

मी डोहातच बाटली बुडवायला वाकलो. आप्पांनी दंड धरला. "ते नका पेवा. आठे बठा."

डोहापासून चार पावलांवर, वाळूच्या उतारावर ते गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी उकरू लागले. वरची वाळू तापलेली, पांढरी. वीतभर खाली ती गार आणि काळी झाली. कोपरभर खोल गेल्यावर कडेने पाणी पाझरायला लागलं, गढूळ, चहाच्या रंगाचं. आप्पांनी करवंटीने ते सगळं उपसून टाकलं. पुन्हा भरलं, पुन्हा उपसलं. घशाला कोरड पडलेली, आणि डोळ्यांदेखत पाणी फेकलं जात होतं. तिसऱ्यांदा मी करवंटी मागितली तर म्हणाले, "नितरू द्या."

चौथ्या वेळी तळाचा एकेक खडा दिसू लागला. इतकं गार, इतकं गोड पाणी मी कुठल्याही माठातलं प्यायलो नाही. आधी आम्हा चौघांना पाजून आप्पा शेवटी प्यायले.

निघताना मी झिरा बुजवायला लागलो. जागा होती तशी सोडायची, एवढंच डोक्यात. आप्पांनी पुन्हा हात धरला. "राहू द्या. रातले जनावरं पेतस." मग त्यांनी तिन्ही बाजूंनी चपटे दगड लावले, वाळू घसरू नये म्हणून. चौथी बाजू तळहाताने थापून उतरती केली, पिल्लांचं तोंड पोचेल इतकी.